पास देणं फुटबॉलमध्ये आलं कुठून? चॅथमच्या लष्करी इंजिनिअरांची गोष्ट

आज फुटबॉल बघताना आपण पास मोजतो. एखाद्या संघाने सामन्यात सहाशे-सातशे पास दिले की समालोचक त्याचं तोंड भरून कौतुक करतो. मिडफिल्डरचा भाव तर बहुतेक त्याच्या पासवरच ठरतो. पण हा खेळ पहिल्यांदा नियमांत बांधला गेला तेव्हा पास देणं जवळजवळ नव्हतंच. चेंडू मिळाला की पायात ठेवायचा आणि कोणी हिसकावून घेईपर्यंत पळत सुटायचं, यालाच फुटबॉल म्हणत. एकमेकांकडे चेंडू देत, जागा बदलत पुढे सरकणारा खेळ नंतर आला. तो आणण्यात इंग्लंडमधल्या एका लष्करी विद्यालयाच्या संघाचा फार मोठा वाटा आहे, आणि तो संघ आपल्याकडे जवळपास कोणाला माहीत नाही याची मला मनापासून खंत वाटते. संघाचं नाव रॉयल इंजिनिअर्स, पण सगळे त्यांना सॅपर्स म्हणत. पुण्यात खडकी-दापोडीकडे राहणाऱ्यांना बीईजीमुळे, म्हणजे लष्कराच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमुळे, हा शब्द रोजचाच असतो.

हा संघ समजून घ्यायचा तर आधी ही मुलं कुठून येत ते पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पायदळात किंवा घोडदळात अधिकारी व्हायचं तर रोख पैसे मोजून पद विकत घेता येई. ही पद्धत १८७१ साली बंद झाली. तोफखाना आणि इंजिनिअर दल मात्र पहिल्यापासून याला अपवाद होते. तिथे जायचं तर वूलिचच्या रॉयल मिलिटरी ॲकॅडमीतून उत्तीर्ण व्हावं लागे. ही संस्था १७४१ ची. गणित, किल्ल्यांची बांधणी, नकाशे असा अभ्यास असे, आणि निकालात वर आलेले कॅडेट बहुधा इंजिनिअर दल मागून घेत. म्हणजे सैन्यातली ही अभ्यासू पोरं. वूलिचहून त्यांची रवानगी होई चॅथमला, लंडनच्या पूर्वेला मेडवे नदीकाठी. तिथे १८१२ पासून लष्करी इंजिनिअरिंगची शाळा होती. साधारण दोन वर्षं तिथल्या ब्रॉम्प्टन बराकीत राहून ही विशी-बाविशीतली लेफ्टनंट मंडळी जमिनीची मोजणी, भुयारं खणणं, नदीवर तात्पुरते पूल टाकणं, तारायंत्र चालवणं असली कामं शिकत. संध्याकाळी फुटबॉल. संघात सगळे अधिकारीच असत.

आता नियमाकडे येऊ, कारण गोष्टीची खरी किल्ली तिथे आहे.

इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन १८६३ मध्ये स्थापन झाली आणि तिने पहिली नियमावली केली. त्यात असं होतं की ज्या खेळाडूने चेंडू मारला त्याच्या संघातला जो कोणी चेंडूच्या पुढे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या बाजूला असेल, तो त्या क्षणापुरता खेळातून बाद. त्याने चेंडूला स्पर्श करायचा नाही, कोणाला अडवायचंही नाही. रग्बीत आजही साधारण हाच हिशोब आहे. मग पास द्यायचा कोणाला? पुढचा सहकारी बाद, उरले फक्त बाजूचे आणि मागचे. त्यापेक्षा स्वतः पळालेलं बरं. त्यामुळे चेंडू घेऊन एक जण सुसाट निघे आणि बाकीचे त्याच्या पाठीमागून झुंडीने धावत. त्याच्या पायातून चेंडू सुटला तर मागच्याने तो ताब्यात घ्यायचा आणि पुन्हा तेच. गल्लीत सात-आठ वर्षांची पोरं खेळतात तेव्हा सगळी चेंडूच्या मागे एका घोळक्यात पळताना दिसतात, जवळपास तसंच चित्र मोठमोठ्या मिशावाल्या पुरुषांचं असे. चेंडू नाचवत नेणाऱ्याला खूप मान होता. दुसऱ्याला चेंडू देऊन टाकणं म्हणजे आपली हार मानणं, असाच बहुतेकांचा समज.

१८६६ मध्ये असोसिएशनने हा नियम सैल केला. चेंडू मारला जातो त्या क्षणी पुढे असलेला खेळाडू आणि समोरची गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे निदान तीन जण असतील, तर तो ऑफसाइड, म्हणजे खेळातून बाद, नाही असं ठरलं. याचा मैदानावर काय परिणाम होतो ते पाहा. समजा प्रतिपक्षाने मागे दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक ठेवला आहे, तेव्हाची सर्रास पद्धत हीच होती. त्या दोघा बचावपटूंच्या अलीकडे तुमचा माणूस बेधडक उभा राहू शकतो, कारण त्याच्यापुढे तीन जण आहेत. चेंडू वीस-पंचवीस यार्ड मागे असला तरी चालेल. आता त्याच्याकडे थेट चेंडू टाकता येतो. पण दोघांतला एक बचावपटू दोन पावलं पुढे सरकला की उरले दोन, आणि तुमचा माणूस ऑफसाइड. म्हणजे चेंडू कधी सोडायचा आणि पुढच्याने कधी निसटायचं, याचं दोघांना आधीपासून भान हवं. हा तीन जणांचा नियम १९२५ पर्यंत टिकला. मग तिनाचे दोन झाले, आणि आजचा ऑफसाइड त्याचाच पुढचा अवतार आहे.

नियमाने दार उघडलं तरी आत पाऊल टाकायला बहुतेक संघ तयार नव्हते. त्या वेळचे नामांकित खेळाडू ईटन, हॅरो, वेस्टमिन्स्टर, चार्टरहाऊस अशा बड्या शाळांतून आलेले. प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा, सवयी वेगळ्या, आणि त्या लहानपणापासून मुरलेल्या. लंडनचा वाँडरर्स हा संघ त्या काळचा सर्वांत बलाढ्य, पण तोही अशाच वेगवेगळ्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची मोट. सामन्याच्या दिवशी जे जमतील ते खेळणार. एकेक खेळाडू पाहाल तर हिरा, पण दुसरा नेमका कुठे धावेल हे पहिल्याला कसं कळावं?

चॅथमला नेमकी उलट परिस्थिती होती. तिथली मुलं एकाच बराकीत राहत, एकाच टेबलावर जेवत आणि रोज संध्याकाळी त्याच दहा-बारा जणांबरोबर खेळत. कॅप्टन फ्रान्सिस मरिंडिन हा त्यांचा पुढारी. शिक्षण ईटनला, मग वूलिच, नंतर क्रिमियाच्या युद्धात काम केलेला हा माणूस खेळाच्या बाबतीत अतिशय बारकाईने विचार करणारा होता. संघ उभा करण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं. १८७० च्या सुमाराच्या वर्तमानपत्रांतल्या सामन्यांच्या बातम्यांत सॅपर्सचा वेगळेपणा दिसू लागतो. लेफ्टनंट क्रेसवेल चेंडू बाजूने पुढे घेऊन जातो, तिथून मध्यभागी मारतो आणि मधला सहकारी तो गोलमध्ये घालतो. आज वाचताना आपल्याला वाटेल, यात काय विशेष? दर रविवारी मैदानावर दिसणारा क्रॉस आहे हा. पण तेव्हाच्या वार्ताहराला तो मुद्दाम नोंदवावासा वाटला, यातच सगळं आलं.

सैन्यातली माणसं म्हणून शिस्त, शिस्त म्हणून सांघिक खेळ, असं स्पष्टीकरण अनेकदा दिलं जातं. मला ते फार ढोबळ वाटतं. शिस्त तर प्रत्येक पलटणीत होती, तिथून असा खेळ निघाला नाही. माझ्या मते खरं कारण चॅथमच्या वेळापत्रकात आहे. तिथे कोणीच फार काळ टिकत नसे. अभ्यासक्रम संपला की जिब्राल्टर, बर्म्युडा, नाहीतर थेट हिंदुस्थान. दरवर्षी जुने जात आणि वूलिचहून नवे येत. अशा संघाला एखाद्या अफाट गुणवान खेळाडूच्या भरवशावर राहणं परवडत नाही, कारण पुढच्या हंगामात तो असणारच नाही. त्यांना नव्या मुलाला चार आठवड्यांत शिकवता येईल अशी पद्धत लागते. चेंडू नाचवण्याची कला शिकवायला वर्षं जातात, पण कोण कुठे उभा राहील आणि चेंडू कोणाकडे जाईल हे सांगता येतं, घोटून घेता येतं.

१८७१ च्या जुलैमध्ये असोसिएशनचे सचिव चार्ल्स अल्कॉक यांनी एक बाद पद्धतीची स्पर्धा सुचवली. तीच एफए (फुटबॉल असोसिएशन) कप, अजून चालू असलेली जगातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. पहिल्या वर्षी १५ संघांनी नावं दिली आणि करंडकाला सुमारे २० पौंड खर्च आला. १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर, म्हणजे ज्या मैदानावर आपण क्रिकेटच्या कसोट्या पाहतो तिथेच, पहिली अंतिम लढत झाली. एका बाजूला वाँडरर्स, दुसऱ्या बाजूला सॅपर्स. तिकीट एक शिलिंग, प्रेक्षक साधारण दोन हजार. जिंकणार सॅपर्सच, असं बहुतेकांचं मत होतं.

पहिल्या दहाएक मिनिटांतच क्रेसवेल आपटला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. बदली खेळाडू हा प्रकार तेव्हा नव्हता. एक माणूस कमी झाला तर उरलेल्यांनी खेळायचं. क्रेसवेल मैदानाबाहेर गेला नाही. हात हलवता येत नसताना तो कडेला उभा राहिला आणि शेवटपर्यंत खेळला. थोड्याच वेळात वाँडरर्सच्या वॉलपोल व्हायडलने चेंडू पायात घेऊन बचावाची फळी चिरली, आणि मग मॉर्टन बेट्सने अवघड कोनातून गोल केला. गोलच्या खांबांवर आडवी दांडी नव्हती, नुसती फीत बांधलेली असे. गोल झाला की बाजू बदलायच्या, असाही तेव्हाचा नियम. सॅपर्सनी उरलेला वेळ झुंज दिली, पण निकाल १-० असाच राहिला. पहिल्या एफए कपचा निकाल अशा प्रकारे जुन्या खेळाच्या बाजूने लागला, हे मान्य करायला हवं.

पुढच्या तीन वर्षांत मात्र वारं फिरलं. १८७३ च्या डिसेंबरमध्ये सॅपर्स शेफील्ड, डर्बी आणि नॉटिंगहॅम असा दौरा करून आले. फुटबॉल संघाने गावोगाव जाऊन सामने खेळण्याचा हा पहिला दौरा मानतात. तिन्ही सामने त्यांनी जिंकले, आणि उत्तरेकडच्या लोकांना हा खेळ डोळ्यांनी पाहायला मिळाला. १८७४ ची अंतिम लढत ते ऑक्सफर्ड विद्यापीठाकडून ०-२ अशी हरले. त्या सामन्यात रॉसन घराण्यातले दोन सख्खे भाऊ समोरासमोर होते, हर्बर्ट सॅपर्सकडून आणि विल्यम ऑक्सफर्डकडून. १८७५ मध्ये पुन्हा अंतिम फेरी. या वेळी समोर ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ. १३ मार्चला सोसाट्याच्या वाऱ्यात सामना १-१ असा सुटला, तीन दिवसांनी पुन्हा खेळवला तेव्हा सॅपर्सनी २-० ने करंडक उचलला. कप्तान होता गोलरक्षक विल्यम मेरिमन. मरिंडिन स्वतः ईटनचा माजी विद्यार्थी, त्यामुळे दोन्ही संघ त्याचे. त्या अंतिम फेरीत तो कोणत्याच बाजूने उतरला नाही. ज्या संघासाठी एवढी वर्षं खपला, त्याच्या एकमेव एफए कप विजयात तो मैदानाबाहेर होता.

या विजयाचा नायक हेन्री रेनी-टेलयर. याचा जन्म १८४९ मध्ये मसुरीला झाला, आई-वडील स्कॉटिश. स्कॉटलंडकडून फुटबॉल आणि रग्बी दोन्ही खेळलेला तो एकमेव खेळाडू. ८ मार्च १८७३ रोजी इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात त्याने स्कॉटलंडचा पहिलावहिला आंतरराष्ट्रीय गोल केला, आणि त्याच सामन्यात इंग्लंडच्या बचावात उभा होता चॅथममधलाच त्याचा सोबती आल्फ्रेड गुडविन. आदल्या दिवसापर्यंत एका संघातले दोघे त्या दिवशी दोन देशांकडून खेळले. आपल्या दृष्टीने याच सामन्यातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला अगदी पहिला गोल इंग्लंडच्या विल्यम केनयन-स्लेनीने त्या दिवशी केला. तो ग्रेनेडियर गार्ड्सचा अधिकारी आणि जन्म राजकोटचा. गुडविनची कहाणी तिथेच आखडते. नेमणुकीवर हिंदुस्थानात आल्यावर १८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास, रुरकीला त्याचा मृत्यू झाला.

पासिंगचा शोध नेमका कोणाचा, यावर अजून वाद चालतो. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबचे चाहते म्हणतात, आमचा. ३० नोव्हेंबर १८७२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्कचेच होते, आणि अंगापिंडाने भारी इंग्रजांना त्यांनी एकोप्याने खेळून ०-० असं रोखलं. शेफील्डवाल्यांचा दावा वेगळा. त्यांच्या गावचे नियमच निराळे होते, ऑफसाइडची आडकाठी तिथे फारशी नव्हती, त्यामुळे पुढे चेंडू टाकणं त्यांना आधीपासून येत होतं. तर १८९५ पासून जवळपास चार दशकं असोसिएशनचे सचिव राहिलेले फ्रेडरिक वॉल यांनी उतारवयात लिहून ठेवलं की सांघिक खेळाची सुरुवात सॅपर्सनीच केली. मला विचाराल तर लंडनच्या नियमांखाली पूर्ण संघाची पद्धत म्हणून पास देणं सर्वांत आधी चॅथमला दिसतं. पण त्यांचा पास लांब पल्ल्याचा आणि कडेकडून मध्ये येणारा. छोट्या छोट्या पासांची नाजूक वीण स्कॉटिश खेळाडूंनी घातली, आणि १८८० च्या दशकात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी पैसे देऊन त्यांना बोलावलं तेव्हा ती सगळीकडे पसरली. एकाच्या पदरात सगळं श्रेय टाकण्याचा हट्ट इथे कामाचा नाही.

सॅपर्स १८७८ मध्ये शेवटचे अंतिम फेरीत पोचले आणि वाँडरर्सकडून १-३ ने हरले. त्यानंतर काळच बदलला. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणी-कामगारांच्या गावच्या संघाने ओल्ड ईटोनियन्सना हरवून कप उत्तरेला नेला. दोन वर्षांनी खेळाडूंना पगार देणं अधिकृत झालं. आठवडाभर तोच सराव करणाऱ्या माणसांपुढे, पूल बांधून आल्यावर खेळणारे लेफ्टनंट किती टिकणार?

मरिंडिन मात्र खेळाबरोबर राहिला. १८७४ ते १८९० तो असोसिएशनचा अध्यक्ष होता आणि कपच्या आठ अंतिम लढतींत त्याने पंचगिरी केली. पैसे घेऊन खेळणं त्याला शेवटपर्यंत मानवलं नाही. त्याची नोकरी रेल्वेच्या सरकारी निरीक्षकाची होती. ब्रिटनमध्ये नवे मार्ग तपासायला आणि अपघातांची चौकशी करायला १८४० पासून इंजिनिअर दलाचेच अधिकारी नेमत. १८७५ च्या विजयी संघातला पेलहॅम फॉन डोनॉप पुढे याच खात्याचा मुख्य निरीक्षक झाला. रेनी-टेलयर डब्लिनच्या गिनेस कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक झाला. याच वर्षांत, १८७१ ते १८७३, चॅथमला आणखी एक तरुण लेफ्टनंट शिकत होता, होरेशियो किचनर. पुढे तो हिंदुस्थानचा सरसेनापती आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. चॅथमच्या त्या पिढीतलं त्याचं नाव पाठ्यपुस्तकांत आलं, बाकीच्यांची नावं फुटबॉलच्या जुन्या कागदांत राहिली.

हा खेळ आपल्याकडे आणला तोही मुख्यतः लष्करानेच. १८८८ मध्ये सिमल्याला हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव हेन्री मॉर्टिमर ड्युरँड यांच्या नावाने स्पर्धा सुरू झाली. पहिला ड्युरँड कप रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ ने हरवून जिंकला. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला आणि पहिला मान वूस्टरशर रेजिमेंटने पटकावला. नंतरची कित्येक वर्षं या दोन्ही करंडकांवर गोऱ्या पलटणींचीच नावं कोरली गेली. बूट, मैदान, सरावाला मोकळा वेळ, सगळं त्यांच्याकडे होतं. तरीही १९११ मध्ये कलकत्त्याला मोहन बागानने, बहुतेक खेळाडू अनवाणी असताना, ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. मुंबईच्या रोव्हर्स कपवर भारतीय संघाचं नाव यायला १९३७ उजाडलं. ते नाव होतं बंगलोर मुस्लिम्स. आणि १९४० मध्ये, ड्युरँड स्पर्धा दिल्लीत भरली तेव्हा, मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशर रेजिमेंटला २-१ ने नमवून तोही करंडक पलटणींच्या हातून घेतला.